योगवर्गाने वजन उतरते का? ठाण्यातील नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीच्या सभागृहात भरणाऱ्या योगवर्गात मी नाव घातले, ते केवळ वजन उतरवायचे म्हणून. वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो आणि ऐरोलीच्या कार्यालयात दिवसाचे नऊ तास खुर्चीत, अशी माझी तेव्हाची अवस्था होती. तीन महिने एकही तास चुकवला नाही, आणि तीन महिन्यांनी वजनकाट्याने ७१.४ दाखवले. मात्र त्याच तीन महिन्यांत ठाणे स्थानकाच्या फलाटावरून पुलावर चढताना लागणारी धाप थांबली होती, सकाळी उठल्यावर आखडलेली असायची ती कंबर मोकळी झाली होती आणि रात्रीची झोप सलग लागू लागली होती. त्यामुळे ‘काय ग, उपयोग झाला का?’ असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा हो म्हणावे की नाही, हेच मला कळेना.

आज कळते ते असे: योगाभ्यासाने तंदुरुस्ती निश्चित वाढते, पण वजन त्याने एकट्याने फारसे उतरत नाही. ते उतरवायचे असेल तर जेवणाचे ताट आणि चालणे यांची जोड त्याला द्यावी लागते. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते, तर माझे तीन महिने आणि एका वर्गात बुडालेले पैसे वाचले असते. मी योगशिक्षिका नाही आणि डॉक्टरही नाही. ज्या क्रमाने मी चुकत चुकत शिकले, तो क्रम सरळ करून पुढे मांडते आहे.

१. नाव घालण्यापूर्वी कॅलरींचा हिशेब करा

माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करते. व्यायामाचा खर्च याच मापाच्या पटीत मोजतात. संथ गतीच्या हठयोगाला २.५ पट, सूर्यनमस्कारांना ३.३ पट, पॉवर योग म्हणून जे शिकवतात त्याला ४ पट, आणि ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेगाने झपझप चालण्याला ४.३ पट खर्च धरतात. माझ्या ७२ किलो वजनाला एक तासाचा संथ योगवर्ग म्हणजे १८० कॅलरी झाल्या. त्यांतल्या ७२ तर मी घरी सोफ्यावर बसूनही खर्च केल्याच असत्या, म्हणजे निव्वळ जादा खर्च १०८ कॅलरींचा.

आता दुसरी बाजू पाहा. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. या ७,७०० ला १०८ ने भागले, तर एक किलो उतरायला रोज एक तास याप्रमाणे ७१ दिवस लागतात, आणि तेही खाण्यात कणभर वाढ झाली नाही तरच. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेच्या २० कॅलरी होतात. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर हा आमच्या कार्यालयातला सर्वसाधारण रिवाज आहे. त्या साखरेच्याच १६० कॅलरी भरतात. सकाळचा तास चहाच्या कपात कसा विरघळतो, हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिले तेव्हा प्रथम मला शिक्षकांचाच राग आला, मग स्वतःचा.

हा हिशेब योगाला कमी लेखण्यासाठी नाही. शरीराचा तोल, सांध्यांची हालचाल, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंची ताकद, श्वासावरचा ताबा, जुनाट कंबरदुखीतला आराम, झोप आणि मनाची स्वस्थता यांत नियमित अभ्यासाने फरक पडतो, आणि तो बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत जाणवतो. कंटाळा आला, साहेबांचे बोलणे लागले की फरसाणाच्या डब्याकडे वळणारा माझा हात पुष्कळसा आवरला, त्याचे श्रेय मी योगालाच देते. वजनाच्या कामी योगाची मदत होते ती अशी, आडवळणाने. योगाची उपकरणांनी तपासणी करणे महाराष्ट्राला नवे नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले ते प्रयोगशाळेसकट. तेव्हा आपणही आपल्या सतरंजीपुरते मोजमाप करायला लाजू नये.

२. डॉक्टरांना भेटा आणि कागदपत्रे जमवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, मीही गाळली होती. आमच्या वर्गातील एका गृहस्थांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होत्या आणि ते शिक्षकांना न सांगता कपालभातीची आवर्तने करत. एके दिवशी डोके गरगरून ते भिंतीला टेकले. सुदैवाने पुढे काही झाले नाही.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्तदाब मोजून घ्या, आणि त्यांनी सुचवल्यास उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन व व्हिटॅमिन बी-१२ या तपासण्या करा. थायरॉइड मंदावलेले असेल तर वजन उतरायला जड जाते आणि थकवाही येतो. तो दोष औषधाने सुधारायचा असतो, आसनांवर सोडून द्यायचा नसतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर सकाळी उपाशीपोटी व्यायाम करावा की नाही हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारा आणि वर्गाला जाताना खिशात खडीसाखर ठेवा.

पुढील गोष्टी असलेल्यांनी त्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगितल्या पाहिजेत: उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा किंवा मानेचा त्रास, अपस्मार, अलीकडे झालेली पोटाची शस्त्रक्रिया आणि गर्भारपण. यांतील कित्येकांना कपालभाती, भस्त्रिका, सर्वांगासन, शीर्षासन किंवा पुढे खोल वाकण्याची आसने वर्ज्य असतात. काचबिंदूच्या रुग्णाने डोके खाली व पाय वर अशा स्थितीत गेल्यास डोळ्यातील दाब वाढतो, हे आमच्या वर्गातील निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते.

जवळ ठेवायचे कागद असे:

– प्रवेश-अर्ज, पासपोर्ट आकाराचे एक-दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स (सोसायटीबाहेरच्या व्यक्तीला सभागृहात येण्यासाठीही बहुधा हेच मागतात)
– डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तीत वर्ज्य हालचालींचा उल्लेख
– चालू औषधांची यादी
– घरच्या माणसाचा संपर्क क्रमांक
– भरलेल्या शुल्काची पावती. ती न मागितल्यास मिळत नाही, म्हणून मागावी

३. वर्ग निवडा, पण घाईने नव्हे

ठाण्यात योगवर्गांना तोटा नाही. नौपाड्यातील घंटाळी मित्र मंडळ आणि हठयोगी निकम गुरुजींनी सुरू केलेले अंबिका योग कुटीर ही नावे इथल्या जुन्या लोकांना सांगावी लागत नाहीत. त्याखेरीज घोडबंदर रस्त्यावरच्या बहुतेक मोठ्या संकुलांच्या क्लब हाऊसमध्ये सकाळ-संध्याकाळ तुकड्या चालतात, आणि दूरदृश्य पद्धतीचे वर्ग तर मोजायलाच नकोत. अडचण निवडण्याची आहे.

माझी पहिली निवड साफ चुकली. सोसायटीतला वर्ग तीन महिन्यांनी सोडून मी एका खाजगी वर्गात गेले. बाहेरच्या फलकावर ‘२१ दिवसांत ५ किलो’ असे ठळक लिहिले होते. सहा महिन्यांचे शुल्क एकदम भरल्यास सवलत, म्हणून मी ते भरले. पहिल्या आठवड्यात योग थोडा आणि रात्री फक्त सूप व ताक हा आहार जास्त, असा प्रकार निघाला. वजन चार किलोंनी उतरले खरे; पण चक्कर येऊ लागली, केस गळू लागले, आणि नेहमीचे जेवण सुरू करताच महिन्याभरात तीन किलो परत आले. उरलेले पैसे मागितले तेव्हा पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले ‘शुल्क परत मिळणार नाही’ हे वाक्य मला बोट ठेवून दाखवण्यात आले. त्या वर्गाचे नाव मी लिहीत नाही, कारण तसे फलक आजही अनेक ठिकाणी लागलेले दिसतील.

म्हणून एवढे करा. आधी एक तास नुसते बसून वर्ग पाहू द्याल का, असे विचारा. चांगले शिक्षक हरकत घेत नाहीत. शिक्षक तुकडीत फिरून चुका सुधारतात की पुढे बसून स्वतःचीच आसने दाखवतात, हे पाहा. एका शिक्षकामागे पंधरा-वीसच्या वर माणसे असतील तर नवशिक्याकडे लक्ष पोहोचत नाही. शिक्षणाची विचारणा करताना संकोच नको. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळ परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते, आणि जुन्या संस्थांचे स्वतःचे शिक्षक-प्रशिक्षणही असते. पहिले तीन महिने शुल्क महिन्याच्या महिन्यालाच भरा. आणि जो शिक्षक रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगेल, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

पद्धतींविषयी थोडे. पारंपरिक हठयोगाचा वर्ग संथ असतो आणि चाळिशीपुढच्या नवशिक्याला तोच बरा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत विटा, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसन अचूक बसवतात. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांना ती मानवते. अष्टांग विन्यास आणि पॉवर योग यांत घाम जास्त निघतो, खर्चही जास्त होतो, पण सांधे तयार नसताना तिकडे उडी घेतल्यास मनगट आणि खांदा दुखावतो. वजनाच्या लोभाने पहिल्याच दिवशी पॉवर योगाकडे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसेच खर्च करायचे नसतील, तर आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी तयार केलेला सुमारे ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम मोफत पाहायला मिळतो. फक्त २१ जूनच्या सामूहिक कार्यक्रमावरून योगाची परीक्षा करू नका. त्या दिवशी मैदानात खांद्याला खांदा लागतो आणि शिकणे फारसे होत नाही.

४. साहित्य थोडेच घ्या

आमच्या सभागृहात गुळगुळीत फरशी आहे. पहिल्या दिवशी मी घरची घडीची सतरंजी घेऊन गेले. पर्वतासनात दोन्ही तळहात टेकवून कमर वर उचलली आणि सतरंजी फरशीवरून हातांसकट पुढे सरकली. मी कोपरांवर आदळले. उजवे मनगट आठ दिवस सुजलेले होते; पोळ्या लाटताना लाटणे डाव्या हाताने रेटावे लागे. शिक्षक नंतर म्हणाले, ‘ताई, सतरंजी वाईट नाही, पण तिच्याखाली काहीतरी पकड धरणारे हवे.’ तेव्हा फरशी गुळगुळीत असेल तर ५-६ मिलिमीटर जाडीची न घसरणारी मॅट घ्या. फार जाड व मऊ मॅटवर एका पायावरचा तोल जातो, म्हणून जास्त जाडीचा मोह नको. घरी शहाबादी किंवा खरखरीत फरशी असल्यास सतरंजी चालते.

याखेरीज एक जुनी सुती ओढणी पट्ट्यासारखी वापरायला, भिंतीजवळची जागा, शिवणकामाची टेप, वजनकाटा आणि एक वही. घट्ट महाग कपड्यांची गरज नाही. सैल सुती सलवार किंवा ट्रॅक पॅन्ट पुरते.

५. पहिले सहा आठवडे: कमी करा, पण रोज करा

भरपेट जेवणानंतर तीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दोन तास जाऊ द्या. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी करा. सकाळीच केले तर लाभते, ही समजूत नोकरी करणाऱ्यांना नाहक नाउमेद करते. लोकलमधून उभ्याने आल्यावर दहा मिनिटे शांत बसून मग सुरू केलेला संध्याकाळचा अभ्यास मी वर्षभर केला आहे.

नवशिक्याला ४० ते ४५ मिनिटे पुष्कळ झाली. सुरुवातीला पाच मिनिटे मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे यांच्या पूरक हालचाली. मग उभ्याची आसने: ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन आणि उत्कटासन. यांत मांड्या आणि कुल्ले यांचे मोठे स्नायू राबतात, म्हणून तंदुरुस्तीच्या दृष्टीने हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका याच भागात लोक चुळबुळ करतात. पोटावर झोपून भुजंगासन आणि शलभासन, पाठीवर सेतुबंधासन, अर्धे नौकासन आणि पवनमुक्तासन, बसून वक्रासन आणि पश्चिमोत्तानासन. शेवटी अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि पाच-सात मिनिटांचे शवासन.

पश्चिमोत्तानासनाबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण तिथे अभिमान आडवा येतो. पहिल्या दिवशी माझी बोटे नडग्यांच्या मध्यापर्यंतच पोहोचली. शेजारी बसलेल्या, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आजींचे कपाळ गुडघ्यांना टेकलेले होते. मी झटका देऊन पुढे वाकले आणि मांडीच्या मागे असा ताण भरला की तीन दिवस जिना एकेक पायरी करून उतरले. शिक्षकांनी मग ओढणी तळपायांभोवती घालून तिची टोके धरायला लावली, गुडघे किंचित वाकवू दिले आणि श्वास सोडताना जेवढे आपसूक वाकता येईल तेवढेच वाकायला सांगितले. बोटांनी अंगठे धरायला मला पाच महिने लागले. ताण जाणवणे ठीक, टोचणे किंवा सळक मारणे ठीक नाही. ही खूण पक्की करा.

सूर्यनमस्कार दुसऱ्या आठवड्यापासून तीनने सुरू करा आणि दर आठवड्याला दोन वाढवा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो शरीर कमावण्याचा व्यायाम म्हणूनच, आणि योगवर्गातला सर्वांत जास्त दम लावणारा भागही तोच असतो. बारा नमस्कार एका लयीत, श्वास न कोंडता होऊ लागले की हृदयालाही काम मिळते. गुडघे दुखत असतील तर मागे जाणारा पाय हळू टेकवा, आणि मनगट दुखत असेल तर साष्टांग स्थितीऐवजी भिंतीला हात लावून तीच हालचाल करा.

एक मोठा सापळा म्हणजे कपालभातीने पोट कमी होते हा समज. कपालभाती ही षट्क्रियांपैकी एक शुद्धिक्रिया आहे. तिच्याने पोटाचे स्नायू हलतात, पण ज्या जागचे स्नायू हलतात तिथलीच चरबी वितळते असे शरीरात घडत नाही. चरबी कुठून आधी जायची, हे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात. माझी आधी गालांवरून गेली, आणि सासूबाईंनी काळजीने विचारले, ‘बरे आहे ना गं?’ पोटावरची सर्वांत शेवटी.

६. चालणे आणि ताकदीचा व्यायाम जोडा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचवते. संथ योगवर्ग पहिल्या अटीत क्वचितच बसतो. ती भरून काढायला चालण्याइतका स्वस्त उपाय नाही. ७२ किलोच्या माणसाने ४५ मिनिटे झपझप चालले तर सुमारे २३० कॅलरी खर्च होतात. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग हवा.

कचराळी तलावाभोवतीचा चालण्याचा मार्ग मला जवळचा म्हणून मी तो धरला. तलावपाळीला संध्याकाळी गर्दी आणि भेळ दोन्ही असतात, त्यामुळे तिथे पहाटेच जावे. उपवनचा काठ सकाळी छान, आणि दम वाढल्यावर रविवारी येऊरचा चढ. ज्यांना वेगळा वेळ काढणे अशक्य आहे, त्यांनी स्थानकाच्या एक किलोमीटर अलीकडे रिक्षा सोडावी. मी तसे करून रोजची २५ मिनिटे मिळवली.

ताकदीसाठी योगातली उत्कटासन, वीरभद्रासन, फलकासन (ज्याला प्लँक म्हणतात) ही आसने काही काळ पुरतात. पण योगात ढकलण्याच्या हालचाली आहेत आणि ओढण्याच्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि दंड मागे राहतात. आठवड्यातून दोनदा मी रबरी पट्टा दाराला अडकवून ओढते आणि दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलते. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात, आणि खाणे घटवून वजन उतरवताना चरबीबरोबर तेही जातात, म्हणून ही पायरी बायकांनी तर मुळीच टाळू नये.

७. ताटात काय बदलायचे

इथे मी फार लांबण लावणार नाही, कारण उपदेश सर्वांनाच पाठ असतात. मला उपयोगी पडलेल्या तीनच गोष्टी सांगते.

पहिली, तेल. ५ ग्रॅमच्या एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात. फोडणीला बाटलीतून थेट ओतणे बंद करून मी मोजूनच घालू लागले, आणि महिन्याला लागणारे घरचे तेल साडेचार लिटरांवरून तीनवर आले. चवीत फरक पडल्याचे कोणी बोलले नाही.

दुसरी, प्रथिने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोला ती ५४ ग्रॅम होतात. वाटीभर घट्ट वरणात साधारण ६-७, अंड्यात ६ आणि १०० ग्रॅम पनीरात १८ ग्रॅम धरा. पोळी-भाजी आणि पातळ आमटीच्या डब्यात हा आकडा गाठला जात नाही. मी दुपारच्या डब्यात उसळ आणि नाश्त्याला मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी आणली. पोट भरलेले राहिल्यामुळे पाच वाजताचा वडापाव आपोआप आठवड्यातून एकदाच होऊ लागला.

तिसरी, वर्गानंतरचे खाणे. शनिवारचा तास संपला की आमची आठजणींची टोळी मामलेदारची मिसळ खायला जायची. ‘आज घाम गाळला आहे’ असे म्हणून पावाची जोडी वाढायची. तासात खर्च केलेल्या १०८ कॅलरी तिथे तर्रीतच बुडून जात. मिसळ मी सोडलेली नाही. ती आता महिन्यातून एकदा असते आणि त्या दिवशी दुपारचे जेवण हलके असते.

८. मोजमाप ठेवा

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि चहापूर्वी, त्याच काट्यावर करा. मीठ, पाणी, मासिक पाळी यांमुळे ते एक-दोन किलो इकडेतिकडे होते. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याचे मन उगाच वर-खाली होते. कंबर टेपने मोजा: शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरपर्यंतची कंबर ही धोक्याची रेषा धरतात. बीएमआयचे, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याचे, निकषही आपल्याकडे कडक आहेत: २३ पासून वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा. माझा तेव्हा २८.८ होता.

याखेरीज तंदुरुस्तीच्या तीन नोंदी ठेवा, कारण त्या वजनाआधी हलतात. एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, खुर्चीतून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, आणि रोजचा एक ठरावीक जिना चढल्यावर धाप किती वेळात शमते. माझा जिना ठाणे स्थानकाचा होता. सुरुवातीला पुलावर पोहोचल्यावर मी कठड्याला टेकून मोबाइल बघितल्यासारखे करत असे, म्हणजे दम खात आहे हे कोणाला कळू नये. सहाव्या आठवड्यात मी थांबले नाही, आणि थांबले नाही हे सॅटिसवर, म्हणजे स्थानकाबाहेरच्या बसच्या उन्नत पुलावर, पोहोचल्यावर माझ्या लक्षात आले. तेव्हा काट्यावर अर्धा किलोचाही फरक नव्हता.

वरच्या सगळ्या जोडण्या केल्यावर पुढच्या वर्षभरात माझे वजन ६५.५ किलोवर आले आणि कंबर ९४ वरून ८५ सेंटिमीटरवर. ८० ची रेषा अजून लांब आहे.

९. पावसाळा आणि खंड

जून ते सप्टेंबर ठाण्यात बाहेर चालणे दिवसेंदिवस बंद पडते. त्या काळात इमारतीचा जिना पाच वेळा चढणे-उतरणे आणि सूर्यनमस्कारांची संख्या वाढवणे हे पुरते. ओल्या फरशीवर मात्र काहीच करू नका. ताप येऊन गेल्यावर पहिला आठवडा निम्माच अभ्यास ठेवा. गणपतीत आणि दिवाळीत आठ-दहा दिवस सुटतातच, ते सुटू द्या आणि पुन्हा तीन नमस्कारांपासून सुरू करा. राहिलेले भरून काढायला एका दिवशी पंचवीस घालणारे दुसऱ्या दिवशी वर्गात दिसत नाहीत.

१०. बारा आठवड्यांनी वही उघडा

तोल, जिना आणि झोप सुधारली असेल, पण वजन तसेच असेल, तर योगवर्ग त्याचे काम चोख करतो आहे. चालण्याची मिनिटे आणि ताट तपासा. वजन तेच असून कंबर दोन-तीन सेंटिमीटरने घटली असेल, तरी दिशा बरोबर आहे, काही बदलू नका. वजन झपाट्याने, म्हणजे आठवड्याला किलोहून जास्त उतरत असेल आणि थकवा असेल, तर खाणे वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. यांतले काहीच हलले नसेल, तर बारा आठवड्यांतल्या हजेरीचे दिवस मोजा. माझ्या ओळखीतल्या तिघींचे ते तीसच्या आत भरले होते. आणि हजेरी पक्की असूनही वजन व कंबर दोन्ही जागच्या जागी असतील, तर शिक्षक बदलण्याआधी पुढच्या किराण्यात आलेल्या तेलाच्या पिशवीवर तारीख लिहा आणि ती किती दिवसांत संपते ते पाहा.